पहिले वैयक्तिक संकेतस्थळ: लॅपटॉपवर सर्व ठीक, नेटवर मात्र छायाचित्रे आणि रंगसंगती नाहीशी

विद्यार्थिनी, अमळनेर

सर्वांना नमस्कार. मी संगणकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरीच्या अर्जासोबत दाखवता यावे म्हणून मी एक लहान संकेतस्थळ तयार केले आहे. त्यात तीन पाने आहेत: माझा परिचय, महाविद्यालयात केलेले दोन प्रकल्प, आणि आजीच्या तोंडून टिपून घेतलेले सुमारे तीनशे अहिराणी शब्द, मराठी अर्थांसह. व्हीएस कोड या संपादकाच्या लाइव्ह सर्व्हरवर (लॅपटॉपवरच पान उघडून पाहण्याची सोय) तिन्ही पाने व्यवस्थित दिसतात. तोच फोल्डर मी ब्राउझरमधूनच गिटहब या प्रकल्प साठवण्याच्या सेवेतील 'वेबसाइट' नावाच्या रेपॉझिटरीत (प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्यात) चढवला आणि त्यातून संकेतस्थळ प्रकाशित करणारी गिटहब पेजेस ही सोय सुरू केली, तर मजकूर तेवढा दिसतो. रंग, मांडणी आणि चारपैकी तीन छायाचित्रे गायब आहेत. चौथे छायाचित्र का दिसते, हेही मला समजलेले नाही.

दुसरी अडचण शब्दसंग्रहाची आहे. त्यातील शंभरेक शब्द काकांनी काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी छापखान्यात टंकित करून घेतले होते. ती फाइल मिळाली, परंतु त्यातील मजकूर पानावर चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते.

तिसरा प्रश्न तुम्हाला कदाचित बाळबोध वाटेल. माझ्याकडे सध्या 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल खरी' असे तीन फोल्डर आहेत. एवढ्याशा कामासाठी गिट, म्हणजे फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे साधन, शिकणे खरोखर आवश्यक आहे का? माझ्या बायोडाटाची पीडीएफही मी त्याच रेपॉझिटरीत ठेवली आहे, हे सांगून ठेवते.

भुसावळकर, सध्या पुणे

ताई, तुमच्या वर्णनावरून दोन वेगवेगळे दोष एकत्र आलेले दिसतात, म्हणून ते एकेक करून पाहू.

पहिला दोष मार्गाचा आहे. तुमच्या पानात शैलीच्या फाइलचा मार्ग बहुधा तिरक्या रेघेने सुरू होत असावा. अशा रेघेचा अर्थ 'संकेतस्थळाच्या मुळापासून शोधा' असा होतो. लाइव्ह सर्व्हरवर तुमचा फोल्डर हेच मूळ असते, त्यामुळे फाइल सापडते. गिटहब पेजेसवर मात्र 'वेबसाइट' नावाच्या रेपॉझिटरीचे पान तुमच्या सदस्यनामाच्या पत्त्यापुढे आणखी एक पायरी उतरून, म्हणजे 'वेबसाइट' या उपमार्गावर उघडते, आणि ब्राउझर ती फाइल एक पायरी वरच शोधत बसतो. घर वेशीच्या आतल्या गल्लीत असताना पत्ता वेशीपासून मोजायला सांगितला आणि गल्लीचे नाव गाळले, तर पाहुणा परत जाणारच. यावर दोन उपाय आहेत. सुरुवातीची तिरकी रेघ काढून मार्ग सापेक्ष, म्हणजे पान जेथे आहे तेथून मोजलेला, करावा, किंवा रेपॉझिटरीला तुमचे सदस्यनाम आणि त्यापुढे 'डॉट गिटहब डॉट आयओ' असेच नाव द्यावे. दुसऱ्या उपायात संकेतस्थळ थेट मुळावर उघडते आणि पत्ताही सुटसुटीत होतो. वैयक्तिक संकेतस्थळासाठी मी तोच सुचवेन.

दुसरा दोष छायाचित्रांचा आहे. विंडोजमध्ये फाइलच्या नावातील कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत भेद केला जात नाही. तुमची फाइल कॅमेऱ्यातून कॅपिटल अक्षरांतील 'जेपीजी' घेऊन आली असेल आणि पानात तुम्ही ते स्मॉल अक्षरांत लिहिले असेल, तर लॅपटॉप तक्रार न करता छायाचित्र दाखवतो. गिटहब पेजेसवर मात्र ही दोन नावे दोन वेगळ्या फाइलींची ठरतात. दिसणाऱ्या चौथ्या छायाचित्राचे नाव तपासून पाहा; ते बहुधा मोबाइलवरून आलेले आणि मुळातच स्मॉल अक्षरांतले असेल. खात्री करायची असल्यास एफ १२ दाबून नेटवर्कचा भाग उघडा आणि पान पुन्हा लोड करा. ज्या फाइलीसमोर ४०४ हा आकडा, म्हणजे 'फाइल सापडली नाही' ही खूण, दिसेल, तिचा पूर्ण पत्ता वाचला की चूक नेमकी कोठे आहे ते लगेच कळते. मी स्वतः या आकड्याकडे न पाहता पहिल्या संकेतस्थळाची सगळी मांडणी दोनदा पुन्हा लिहिली होती, ते दोन दिवस वाया गेले.

नावे बदलताना एक सावधगिरी बाळगावी. पुढे गिट वापरणार असाल तर फक्त कॅपिटलचे स्मॉल करण्याचा बदल एक्स्प्लोररमधून करू नका, कारण विंडोजवर गिटला तो बदल सहसा दिसतच नाही. 'गिट एमव्ही' ही आज्ञा वापरा. आणि छायाचित्रे चढवण्यापूर्वी त्यांचा आकार कमी करा. गिटहब पेजेसवर संपूर्ण संकेतस्थळासाठी १ जीबीची मर्यादा आहे, ती तुम्ही ओलांडणार नाही. परंतु मोबाइलने काढलेले चार-पाच एमबीचे छायाचित्र तालुक्याच्या गावी अशक्त नेटवर्कवर उघडायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

नंदुरबार

माझे मत थोडे वेगळे आहे. तीन पानांसाठी गिट, कमिट (बदलाची नोंद), ब्रँच (कामाची वेगळी शाखा) असा पसारा कशाला? नेटलिफायसारख्या सेवेत फोल्डर ब्राउझरमध्ये ओढून सोडला की संकेतस्थळ सुरू होते. आधी काम लोकांसमोर येऊ द्यावे, गिट पुढे सावकाश शिकता येते.

शिक्षक, धुळे

नंदुरबारच्या मित्रांचे म्हणणे मी सरसकट खोडून काढणार नाही. केवळ पान नेटवर आणणे एवढाच हेतू असता तर ओढून सोडण्याची पद्धत पुरेशी होती. परंतु या ताईंकडे आजच 'फायनल खरी' नावाचा फोल्डर आहे, म्हणजे गिटची गरज निर्माण होऊन गेली आहे. फक्त ती गरज सध्या फोल्डरच्या नावांनी भागवली जात आहे. लिनस टॉरव्हल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या गाभ्याच्या विकासासाठी गिट लिहिले, तेव्हा जगभर विखुरलेल्या लोकांनी केलेल्या बदलांची नोंद ठेवण्याचा प्रश्न त्यांच्यासमोर होता. आपल्याकडे बदल करणारी व्यक्ती एकच असते, पण गेल्या महिन्यातील आपण आणि आजचे आपण यांच्यातही बराच विसंवाद असतो.

वर्गात मुलांचा नेहमी एक गोंधळ होतो. फाइल सेव्ह करणे, कमिट करणे, पुश करणे आणि संकेतस्थळ प्रकाशित होणे या चार वेगळ्या घटना आहेत. सेव्ह केल्याने बदल फक्त तुमच्या डिस्कवर राहतो. कमिट केल्याने त्याची तारखेसह, कारणासह नोंद होते, पण तीही तुमच्याच लॅपटॉपवर. पुश केल्यावर ती नोंद गिटहबकडे जाते, आणि त्यानंतर पेजेसची यंत्रणा नवे पान तयार करते, ज्याला कधी कधी दहा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. मुले कमिट करून लगेच संकेतस्थळ उघडतात, बदल दिसला नाही की आणखी बदल करतात, आणि मग कोणत्या बदलाने काय घडले याचा पत्ताच लागत नाही. कमिटच्या संदेशात 'बदल केला' असे लिहू नये. बदल केला हे गिटला ठाऊकच असते. का केला, ते लिहावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या बायोडाटावर मोबाइल क्रमांक, घरचा पत्ता आणि जन्मतारीख असेल, तर तो आजच काढा. गिटहबच्या विनामूल्य खात्यात पेजेस वापरण्यासाठी रेपॉझिटरी सार्वजनिक ठेवावी लागते, त्यामुळे त्यातील प्रत्येक फाइल कोणालाही पाहता येते. केवळ फाइल काढून नवे कमिट केल्याने काम भागत नाही. जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते आणि इतिहास उघडणाऱ्याला मिळते. इतिहासातून फाइल पुसण्याची साधने आहेत, पण आपले काम नुकतेच सुरू झाले असल्याने संपूर्ण रेपॉझिटरी काढून टाकून स्वच्छ प्रतीपासून नवी सुरू करणे अधिक सोपे होईल. संकेतस्थळावर ठेवायचा बायोडाटा वेगळा करावा, त्यात ईमेल पुरेसा आहे. कमिटमध्येही आपला ईमेल नोंदवला जातो, म्हणून गिटहबच्या सेटिंगमध्ये ईमेल खासगी ठेवण्याचा पर्याय निवडून तेथे मिळणारा पर्यायी पत्ता पहिल्या कमिटच्या आधीच गिटला सांगून ठेवावा.

अक्षरजुळणी, जळगाव

वरील चर्चेत काकांची फाइल मागे राहिली. आमच्या व्यवसायात असे मजकूर रोज येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांसाठीची समान संकेतपद्धत, रूढ होण्यापूर्वीचे छपाईचे फॉन्ट देवनागरी साठवतच नसत. फाइलमध्ये रोमन अक्षरांचे संकेत असत आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे आकार चढवत असे. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो, आणि ताईंना दिसलेली खिचडी उरते. तो फॉन्ट संकेतस्थळावर चढवून प्रश्न सुटल्यासारखा वाटेल, पण शोधयंत्राला त्यात एकही अहिराणी शब्द सापडणार नाही आणि शब्दांचा अकारविल्हे क्रमही लावता येणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणणे हाच खरा मार्ग आहे. त्यासाठी रूपांतर करणारी साधने मिळतात. मात्र आपला फॉन्ट नेमका कोणता हे आधी ओळखावे लागते, कारण प्रत्येक फॉन्टकुटुंबाची संकेतरचना निराळी असते.

रूपांतरानंतर मुद्रितशोधन टाळू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकित होत असे, म्हणजे जसे दिसते तसे. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम पाळला जातो, वेलांटी नंतर आणि रफाराचा र आधी. जोडाक्षरावर वेलांटी आली की रूपांतर करणारी साधने हमखास घसरतात.

अहिराणीसाठी आणखी एक बाब डोळ्यांत तेल घालून पाहावी लागेल. 'काय करी ऱ्हायना' यातील 'ऱ्ह' लिहिण्यासाठी नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि ह असा क्रम लागतो; इनस्क्रिप्ट कळफलकावर हा ऱ शिफ्ट आणि जे दाबून येतो. साधा र वापरला तर 'र्ह' असा रफार उमटतो. संग्रहात अर्धे शब्द एका पद्धतीने आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीने राहिले, तर शोधणाऱ्याला अर्धेच शब्द सापडतील.

पानाच्या डोक्यात यूटीएफ-८ ची (युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीची) सूचना द्यावी आणि पानाची भाषा म्हणून मराठीचा 'एमआर' हा संकेत लिहावा. त्या संकेतामुळे काही फॉन्ट ल आणि श यांची मराठी वळणाची रूपे दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचा ल आपल्या डोळ्यांना खटकत राहतो. अहिराणीला स्वतंत्र भाषासंकेत आहे, 'एएचआर'. 'आंडोर', 'आंडेर' अशा शब्दांभोवती तो देता येईल, आणि माझ्या मते द्यावाच. फाइलींची नावे मात्र रोमन लिपीतच ठेवा, कारण देवनागरी नावे गिट मूळ मांडणीत तिरक्या रेघा आणि आकड्यांच्या रूपात दाखवते.

विद्यार्थिनी, अमळनेर

सर्वांची मनापासून आभारी आहे. जुनी रेपॉझिटरी काढून टाकली. छायाचित्रांविषयी भुसावळकर दादांचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. तिन्ही फाइली कॅमेऱ्यातल्या होत्या आणि दिसणारी चौथी मोबाइलवरची. सदस्यनामाच्या नावाने नवी रेपॉझिटरी गिटहबवर उघडली आणि त्या वेळी 'रीडमी' (रेपॉझिटरीची ओळख करून देणारी) फाइल तयार करण्याच्या चौकटीवर खूण केली. लॅपटॉपवर गिट सुरू करून पहिले कमिट केले. एका जुन्या चित्रफितीत सांगितल्याप्रमाणे पुश करताना संकेतशब्द दिला, तो नाकारला गेला. नंतर ब्राउझरची खिडकी उघडली, तेथे लॉगिन केल्यावर 'मास्टर' ब्रँच पुश झाली. अर्धा तास झाला, तरी संकेतस्थळावर रेपॉझिटरीच्या नावाखेरीज काहीच दिसत नाही. काकांच्या फाइलीतील पहिले वीस शब्द मात्र युनिकोडमध्ये आले, आणि त्यांतील चार शब्दांत वेलांटी खरोखरच चुकली होती.

भुसावळकर, सध्या पुणे

संकेतशब्द नाकारला गेला यात तुमची चूक नाही. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या आज्ञांसाठी खात्याचा संकेतशब्द स्वीकारणे बंद केले. त्याआधीच्या चित्रफितींत जुनीच पद्धत दिसते. ब्राउझरमधून केलेले लॉगिन योग्य आहे, ते लॅपटॉपवर जतन होते.

तुम्हाला दिसणारे पान म्हणजे ती 'रीडमी' फाइल आहे. इंडेक्सचे, म्हणजे संकेतस्थळाचे पहिले, पान सापडले नाही, तर पेजेस तीच मुखपृष्ठ म्हणून दाखवते. गिटहबने ऑक्टोबर २०२० पासून नव्या रेपॉझिटरीच्या मुख्य ब्रँचचे नाव 'मेन' ठेवले आहे आणि तुमच्या लॅपटॉपवरील गिटने 'मास्टर' ठेवले. तुमचे काम त्यामुळे शेजारच्या ब्रँचवर जाऊन पडले आहे आणि प्रकाशित मात्र 'मेन' होत आहे. लॅपटॉपवरील ब्रँचचे नाव 'मेन' करा. साधा पुश नाकारला जाईल, कारण तिकडे 'रीडमी'चे एक कमिट आधीच आहे. त्यात जपण्यासारखे काहीही नसल्याने या एका वेळी सक्तीचा पुश चालेल. इतरांसोबतच्या कामात मात्र ही सक्ती कधीही करू नका, त्याने दुसऱ्याचे कमिट पुसले जाते. नंतर सेटिंगमधील पेजेसच्या पानावर ब्रँच 'मेन' आहे ना, ते पाहा आणि ब्राउझरमध्ये कंट्रोल व एफ ५ दाबून पान नव्याने लोड करा.

स्वतःचे डोमेन आत्ताच घेऊ नये असे मला वाटते. त्याचे शुल्क दरवर्षी भरावे लागते आणि अर्जात गिटहबचा पत्ता दिला म्हणून कोणीही तुम्हाला कमी लेखणार नाही. पुढे घेतलेत तरी तेच संकेतस्थळ नव्या पत्त्याला जोडता येते, पाने हलवावी लागत नाहीत. उरलेले ऐंशी शब्द आधी तपासून घ्या, आणि वेलांटीच्या दुरुस्त्या वेगळ्या कमिटमध्ये ठेवा, म्हणजे आजीने एखादा अर्थ बदलून सांगितला तर तो बदल त्यांत हरवणार नाही.