२४ टक्के पोरोसिटी (दगडातली पोकळी) पण परमिअबिलिटी (दगडातून द्रव वाहू देण्याची क्षमता) १ मिलिडार्सीसुद्धा नाही, लाईमस्टोनचं हे काय गौडबंगाल?

रावपुऱ्याची_दगडू
नमस्कार मंडळी. मी बडोद्यात एमएस्सी जिऑलॉजी करतेय, डिझर्टेशनला लाईमस्टोनचा (चुनखडीचा) एक जुना, ९ मीटर लांबीचा कोअर (विहिरीतून काढलेला दगडाचा दांडा) मिळालाय, त्यातून दीड इंची ११ प्लग (छोटे गोल नमुने) कापून घेतले. हेलियमवर पोरोसिटी काढली तर वरच्या भागातल्या प्लगची चक्क २४ टक्के आली, मी एवढी खूश की आईला फोन करून सांगितलं (तिला काही कळलं नाही, पण तीही खूश झाली). दुसऱ्या दिवशी परमिअबिलिटी आली ०.८ मिलिडार्सी!! खालच्या भागात तर पोरोसिटीच ५-६ टक्के. मधला दीड मीटर नुसता चुरा होऊन आलाय, त्याचा प्लग निघालाच नाही म्हणून तो मी सोडून दिला. आपण इथे गुजरातेत सगळे सँडस्टोनवर (वालुकाश्मावर) वाढलेले, अंकलेश्वरचं तेलसुद्धा सँडस्टोनमधलं, त्यामुळे पोरोसिटी चांगली म्हणजे परमिअबिलिटीही चांगली असंच डोक्यात बसलंय. आता सर म्हणतात हा रिझर्व्हायर (तेल साठवून ते वाहू देणारा दगड) आहे की नाही ते एका वाक्यात लिही. काय लिहू? लॅबने घोळ घातला असेल का? ॲसिड टाकून बघितलं, जोरात फसफसतो, म्हणजे डोलोमाईट (लाईमस्टोनचा मॅग्नेशियमवाला भाऊ) नाही एवढं तरी नक्की ना?

जुना_लॉगवाला
लॅबला दोष देऊ नकोस बाळा, लाईमस्टोन असाच वागतो. माझी अख्खी नोकरी लॉग (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदी) बघण्यात गेली, त्यातली निम्मी लाईमस्टोनला शिव्या देण्यात.

तुझा वरचा भाग ऊलिटिक आहे का बघ, म्हणजे बारीक गोल दाण्यांचा. असेल तर बुंदीचा लाडू डोळ्यासमोर आण. बुंदी म्हणजे दाणे आणि पाक म्हणजे सिमेंट. समुद्र मागे हटला की हा थर उघड्यावर येतो, पावसाचं पाणी किंचित आंबट असतं, ते आत मुरतं आणि दाणे विरघळवून टाकतं, पण मधला पाक तसाच राहतो. आता लाडवात बुंदी नाही, नुसत्या पाकाच्या भिंती आणि गोल गोल पोकळ्या, जागा भरपूर पण एका खोलीतून दुसरीत जायला दारच नाही. हेलियमचा अणू इवलासा, तो भिंतीतल्या फटीतून घुसतो आणि जागा मोजून येतो, तेल मात्र तिथून वाहणार नाही. याला मोल्डिक पोरोसिटी म्हणतात. सँडस्टोनमध्ये दाणे राहतात आणि मधल्या जागेत तेल असतं, इथे बरोब्बर उलटं.

पण म्हणून पावसाच्या पाण्याला व्हिलन करू नकोस, हेच विरघळणं थोडं पुढे गेलं आणि भिंतींना भोकं पडली तर तोच दगड उत्तम रिझर्व्हायर होतो. १९७४ साली सागर सम्राट या रिगने शोधलेल्या मुंबई हायचं मुख्य तेल मायोसीन लाईमस्टोनमध्येच आहे, वसईच्या समुद्रातल्या क्षेत्राचा गॅस त्याहून जुन्या इओसीन लाईमस्टोनमध्ये.

ॲसिडचं म्हणशील तर फसफसलं म्हणजे कॅल्साईट (लाईमस्टोनचं मुख्य खनिज) आहे एवढंच कळलं. त्यात डोलोमाईटचे स्फटिक विखुरलेले असले तरी ते फसफसणारच. थिन सेक्शनला (दगडाच्या पातळ कापाला) ॲलिझरिन रेड हा रंग लाव, कॅल्साईट लाल होईल, डोलोमाईट होणार नाही. आणि सेक्शन निळा इपॉक्सी भरूनच करून घे, नाहीतर पोकळी कुठली आणि घासताना उडालेला दाणा कुठला ते कळत नाही.

कोठी_कट्टा
मी जिऑलॉजीवाला नाही, सिव्हिलवाला, पण एक घरगुती प्रयोग. आमच्या ओट्याला कोटा स्टोन आहे आणि आजोबांच्या जुन्या घराचा एक पोरबंदरी दगड अंगणात पडलाय. दोन्ही लाईमस्टोनच. कोट्यावर पाण्याचा थेंब टाका, तुम्ही फडकं आणेपर्यंत तिथेच बसून राहतो, पोरबंदरीवर टाकला की गडप. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याच जातीच्या दगडातल्या विहिरींना पाणी लागतं. त्यामुळे "लाईमस्टोन रिझर्व्हायर असतो का" हा प्रश्न म्हणजे "भाजी तिखट असते का" असं विचारण्यासारखं वाटतं मला, कुठली भाजी ते तर सांगा!

मड_लॉस
काकांचं वरच्या भागाचं बरोबर आहे पण मला खरा इंटरेस्ट त्या चुऱ्यात आहे आणि तोच तू सोडून दिलास! रिगवर आम्ही हे कायम बघतो, ज्या ठिकाणी दगडात फ्रॅक्चर (भेगा) किंवा मोठे व्हग (विरघळून झालेल्या पोकळ्या) असतात तिथेच कोअर तुटतो, चुरा होतो, कधी वर येतच नाही. मग प्लग कशाचे निघतात तर उरलेल्या धड दगडाचे, म्हणजे सगळ्यात घट्ट भागाचे, आणि रिपोर्टमध्ये येतं "टाईट". इराणमध्ये १९०८ साली मस्जिद सुलेमानला जे तेल लागलं ते अस्मारी लाईमस्टोनमधलं, तिथल्या विहिरी वाहिल्या त्या मुख्यतः फ्रॅक्चरमुळे, नुसते प्लग बघून कोणाला पटलं नसतं. त्या विहिरीचा ड्रिलिंग रिपोर्ट मिळतो का बघ, त्या दीड मीटरला मड लॉस (ड्रिलिंगचा चिखल दगडात जिरून जाणं) झालाय का, बिट (दगड पोखरणारं टोक) एकदम खाली बसलाय का, इमेज लॉग (विहिरीच्या भिंतीचं चित्र) असेल तर सोन्याहून पिवळं. दीड इंचाच्या प्लगमध्ये मुठीएवढा व्हग मावणार कसा? चुऱ्यातले मोठे तुकडे धुवून बघ, तुटलेल्या बाजूवर स्फटिक वाढलेत का. स्फटिक असतील तर ती भेग जमिनीखाली असतानाच उघडी होती, आणि ताजी चकचकीत असेल तर कोअर काढतानाच तुटलाय, मग माझं सगळं भाषण वाया.

जुना_लॉगवाला
मड_लॉस भाऊ, चुऱ्याचा मुद्दा माझ्याकडून राहिलाच, मान्य.

बाळा, लॉग मिळाले तर अजून एक खड्डा आहे, त्यात आम्ही सगळे एकदा तरी पडलोय. लॉगवरून दगडात पाणी किती ते काढायच्या आर्चीच्या सूत्रात m (पोकळ्या एकमेकींना कितपत जोडलेल्या त्यावर ठरणारा घातांक) सवयीने २ टाकतात. असल्या बंद पोकळ्यांच्या दगडात तो ३ पर्यंत किंवा वरही जातो. तुझी २४ टक्के पोरोसिटी धर. m २ घेऊन पाणी ३० टक्के आलं असेल तर ३ घेतल्यावर तेच ६१ टक्के होतं! एका आकड्याने तेलाची विहीर पाण्याची झाली. सॉनिक लॉग (आवाजाच्या लहरीचा) असेल तर त्याची पोरोसिटी डेन्सिटी-न्यूट्रॉन लॉगच्या पोरोसिटीशेजारी ठेव, सॉनिकची लहर घट्ट भिंतीतून वाट काढत जाते, सुट्या पोकळ्या तिच्या फारशा लक्षातच येत नाहीत, त्यामुळे ती बरीच कमी दिसली तर माझा बुंदीचा लाडू खरा.

रावपुऱ्याची_दगडू
काका, आज थिन सेक्शन आले!! निळे गोल गोल ठिपके, एकमेकांना न चिकटता, बघून हसूच आलं, लाडूच तो. अ‍ॅलिझरिनने जवळजवळ सगळं लाल झालं, डोलोमाईट किरकोळ. आणि चुऱ्यातले सात तुकडे धुतले, त्यातल्या चारांवर छोटे दातेरी कॅल्साईटचे स्फटिक आहेत, तीन ताजे तुटलेत. मड_लॉस दादा, ड्रिलिंग रिपोर्टची मागणी टाकलीय. सरांना सांगितलं की एका वाक्यात होणार नाही, तीन थरांची तीन वाक्यं होतील, ते म्हणाले मधल्या थराचं वाक्य रिपोर्ट आल्याशिवाय लिहू नकोस.

मड_लॉस
चार! तो चुरा कुणाला झाडू देऊ नकोस आता, पिशवीत भरून खोली लिहून ठेव.