ॲक्टिवाला गिअर ऑईल असतं का? मागून घूं आवाज येतोय

होटगीरोडकर
माझी ॲक्टिवा 110 आहे, जुनी झालीये, रोज होटगी रोडवरून अक्कलकोट रोड एमआयडीसीला जाते कामाला. चाळीसच्या वर गेली की मागच्या चाकाकडून घूंऽऽ आवाज येतो, ॲक्सिलेटर सोडला की जास्तच. गॅरेजला विचारलं तर म्हणे मॅडम स्कूटीला गिअरच नाहीत तर गिअर ऑईल कुठलं, इंजिन ऑईल बदललंय की. खरंच नसतं का? पाने आहेत घरी, स्वतः करायची तयारी आहे.

पाना_पक्कड
असतं ताई, नक्की असतं! बेल्ट अन् क्लच कोरडे चालतात, पण मागच्या चाकाला लागून छोटी गिअरपेटी असते, तिचं ऑईल इंजिनमधल्या ऑईलपासून वेगळं, स्वतंत्र भरावं लागतं. बदलताना फक्त 120 मिली लागतं म्हणून कुणी लक्षच देत नाही, याचंच लई वाईट वाटतं.

गाडी थोडी फिरवून आणा, सपाट जागी डबल स्टँडला लावा. आधी भरायचा बोल्ट सैल करा, तो निघतोय हे बघूनच खालचा ड्रेन बोल्ट खोला, नाहीतर ऑईल सगळं बाहेर आणि भरायला वाटच नाही. पूर्ण निथळू द्या. वायसर नवीन टाका अन् बोल्ट जोर लावून आवळू नका, पेटी ॲल्युमिनियमची आहे, आटे गेले की खर्च वाढला. ऑईल इंजिनचंच 10डब्ल्यू-30 चालतं. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, पुढं बारीक नळी लावा आणि मापून 120 भरा.

जुळे_सोलापूर_रायडर
90 नंबरचं जाड गिअर ऑईल टाका सरळ, आवाज गायब.

पाना_पक्कड
नको भावा. 90 नंबर जाड पडतं, आवाज दबतो पण बेअरिंग गेलेलं असेल तर ते आत तसंच खात राहतं. आणि ताई, आपल्याकडं ऊन 42-43 ला जातं म्हणून जरा जास्त टाकू असंही करू नका, जास्त झालं की सीलमधून गळतं आणि ऑईल ब्रेक लायनरवर गेलं तर मागचा ब्रेक लागतच नाही, हे खरं धोक्याचं.

होटगीरोडकर
आज काढलं. काळं असेल वाटलं होतं पण राखाडी, चहात दूध पडल्यासारखं निघालं, बोटांत चोळलं तर चंदेरी चमक पण आहे.

पाना_पक्कड
दुधाळ म्हणजे पाणी गेलंय आत. पावसात पाणी साचलेल्या रस्त्यातनं गाडी घातली किंवा धुताना मागं प्रेशरनं पाणी मारलं की पेटीच्या श्वासनळीतून (हवा जायची बारीक नळी) किंवा सीलमधून शिरतं. बारीक चमक चालते, कण नखाला टोचले तर मात्र पेटी खोलावी लागेल. नवीन भरून आठवडाभर चालवा आणि परत काढा, आतलं उरलेलं पाणी त्यात येईल. मग इंजिन बंद ठेवून चाक हातानं फिरवा, खरखर लागली किंवा चाक आडवं हललं तर बेअरिंग बघायला सांगा. जुनं ऑईल गटारात ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजला द्या, ते घेतात.

होटगीरोडकर
थँक्यू दादा, नवीन भरलं. आवाज कमी झालाय पण अजून आहे. पुढच्या रविवारी परत काढते आणि रंग कसा निघतो ते इथं टाकते.