रुकी रिसीव्हर रुळला, घडला की मुरला?

प्रश्न

मी मिनेसोटात राहतो आणि आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकन फुटबॉलवर एक लेख लिहीत आहे. व्यावसायिक संघात पहिल्याच वर्षी आलेला वाइड रिसीव्हर, म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहून, पुढे धावत जाऊन क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, पुढे चांगला निघेल की नाही हे सुरुवातीच्या सामन्यांवरून कसे ओळखावे, असा लेखाचा विषय आहे. अशा खेळाडूला इकडे ‘रुकी’ म्हणतात. मी मसुद्यात ‘नवोदित’ आणि ‘विकास’ हे शब्द योजले. पण ‘नवोदित खेळाडूचा प्रारंभिक विकास’ हे वाक्यांश वाचताना एखाद्या सरकारी योजनेचे नाव वाचल्यासारखे वाटले. आपण पर्याय सुचवावेत.

प्रतिसाद

‘नवोदित’ येथे चालणार नाही, कारण आपल्याकडे माणूस पन्नाशीपर्यंत नवोदित कवी राहू शकतो. ‘रुकी’ हे मात्र मुदतीचे बिरूद आहे: पहिला हंगाम संपला की ते संपते, मग त्या खेळाडूने शंभर झेल घेतलेले असोत वा एकही नसो. ‘नवखा’ या शब्दात अननुभवाचा ठपका आहे, आणि तो सर्वांना लागू पडत नाही. ॲन्क्वान बोल्डिनने २००३ मध्ये आपल्या पहिल्याच सामन्यात १० झेल घेऊन २१७ यार्ड (झेलांच्या जोरावर चेंडू पुढे नेलेले अंतर) मिळवले. तो रुकी होता, नवखा नव्हता. ‘होतकरू’मध्ये भाकीत दडलेले आहे, आणि तुमचा लेख तर भाकीत करावे की नाही याविषयीच आहे.

गंमत अशी की ‘रुकी’ हा शब्द ‘रिक्रूट’वरून आला असावा असे मानतात, आणि आपला ‘रंगरूट’ही त्याच ‘रिक्रूट’चे अपत्य आहे. म्हणजे नाते चुलत भावाचे. तरीही ‘रंगरूट’ला लष्करी गणवेश इतका घट्ट बसला आहे की तो फुटबॉलच्या मैदानावर शोभणार नाही. ‘रुकी’ तसाच ठेवावा, असे माझे मत आहे. त्याच्या पहिल्या चार वर्षांच्या कराराला मात्र ‘उमेदवारीचा करार’ जरूर म्हणावे. निवडणुकांनी हा शब्द पळवला असला, तरी ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करणे हा त्याचा अर्थ अजून जिवंत आहे.

प्रतिसाद

‘विकास’विषयी लिहितो, कारण खरी अडचण तेथे आहे. त्या एका शब्दाखाली तीन वेगळ्या क्रिया झाकल्या जातात आणि मराठीत तिन्हींसाठी स्वतंत्र क्रियापदे आहेत: रुळणे, घडणे आणि मुरणे.

जस्टिन जेफरसनला तुमच्याच मिनेसोटाच्या संघाने २०२० मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत बाविसाव्या क्रमांकावर निवडले. पहिल्या सामन्यात त्याला २६ यार्ड मिळाले, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात एकदम १७५. हंगामाअखेर आकडा १,४०० वर गेला. पहिल्या दोन सामन्यांनंतर ‘याचा विकास मंदावला आहे’ असे लिहिणारा फसला असता आणि तिसऱ्यानंतर ‘हा घडला’ असे लिहिणाराही चुकलाच असता, कारण तो लुईझियानात महाविद्यालयीन खेळातच घडून आलेला होता. या तीन आठवड्यांत तो फक्त रुळला. रुळण्यासारखे तेथे पुष्कळ असते: महाविद्यालयीन नियमांनुसार झेल घेताना एक पाय सीमारेषेच्या आत टेकला तरी पुरते, व्यावसायिक खेळात दोन्ही पाय टेकावे लागतात. वर्षानुवर्षे अंगात भिनलेली सवय अशा वेळी शत्रू होते.

‘घडणे’ हे दाव्हान्ते ॲडम्सला शोभेल. २०१४ मध्ये त्याचे ४४६ यार्ड झाले, दुसऱ्या वर्षी ४८३ यार्ड आणि अवघा एक टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपार नेणे). त्याच्या ग्रीन बे संघाचे चाहते कंटाळले होते. तिसऱ्या वर्षी ९९७ यार्ड आणि १२ टचडाउन झाले, आणि पुढे तो त्या पिढीतल्या उत्तम रिसीव्हरांपैकी एक गणला गेला. सुरुवातीच्या रेषेपासून पाच यार्डांपर्यंत बचावपटूला रिसीव्हरला हाताने अडवता येते. त्या झटापटीतून निसटून मोकळे होण्याची कला हळूहळू घडते आणि ती धावांच्या आकड्यांत लगेच दिसत नाही. (‘धावांच्या’ असे चुकून लिहिले गेले, ‘यार्डांच्या’ असे वाचावे. क्रिकेट हातातून सुटत नाही.)

‘मुरणे’ रुकीसाठी वापरूच नये. जेरी राइसने २००२ मध्ये, वयाच्या चाळिशीत, १,२११ यार्ड मिळवले. लोणच्याचा तो शब्द त्याच्यासाठी राखून ठेवावा.

प्रतिसाद

वरील विवेचनास जोडून एक मुद्दा. ‘ड्रॉप’साठी तुम्ही ‘झेल सोडला’ लिहाल की ‘झेल सुटला’? मराठीत सकर्मक क्रियापद घेतले की दोष खेळाडूवर जातो, अकर्मक घेतले की तो नशिबावर, वाऱ्यावर किंवा क्वार्टरबॅकवर ढकलता येतो. तिकडेही ‘ड्रॉप’ ही लीगची अधिकृत नोंद नाही. मोजणाऱ्या संस्था आपापल्या निकषांनी ठरवतात, त्यामुळे एकाच खेळाडूचे आकडे दोन ठिकाणी दोन सापडतात.

जामार चेसचे उदाहरण पाहा. २०२० चा पूर्ण हंगाम तो कोविडमुळे खेळला नव्हता. २०२१ च्या सरावसामन्यांत त्याच्या हातून चेंडू वारंवार निसटले आणि व्यावसायिक चेंडू मोठा आहे, त्यावर महाविद्यालयातल्या चेंडूसारखे पांढरे पट्टे नाहीत, असे त्याने सांगितल्यावर त्याची टिंगल झाली. ते झेल त्याने ‘सोडले’ असे म्हणणाऱ्यांनी त्याला तेव्हाच मोडीत काढले होते. खऱ्या हंगामातल्या पहिल्या सामन्यात त्याने १०१ यार्ड आणि एक टचडाउन मिळवला, आणि वर्षाअखेर त्याच्या नावावर १,४५५ यार्ड होते. सरावसामन्यांपुरते तरी ‘सुटला’ लिहावे. नव्या चेंडूवर हात बसायचा असतो.

प्रतिसाद

रुळणे-घडणे हे ठीक, पण ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ हेही मराठीच आहे. पुका नकुआ २०२३ मध्ये १७७ व्या क्रमांकावर निवडला गेला, पहिल्या सामन्यात १० आणि दुसऱ्यात १५ झेल घेतले, आणि १,४८६ यार्डांचा रुकी-विक्रम करूनच थांबला. सगळ्यांनाच थांबा म्हणून सांगायचे असेल तर पाहायचे तरी कशाला?

प्रतिसाद

आपले म्हणणे नकुआपुरते मान्य आहे. पण मायकेल क्लेटनचे पायही पाळण्यात दिसले होते: २००४ मध्ये १,१९३ यार्ड, पुढच्या वर्षी ३७२, आणि त्यानंतर पहिल्या वर्षाची उंची पुन्हा कधीच नाही. म्हणून पहिल्या हंगामासाठी ‘चमकला’ हे क्रियापद सर्वांत प्रामाणिक आहे. चमकणे क्षणाचे असते, ते पुढची हमी देत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. मसुद्यातले वाक्य आता असे केले आहे: ‘रुकी रिसीव्हर पहिल्या महिन्यात रुळला की नाही एवढेच पाहावे, तो घडला की नाही हे उमेदवारीचा निम्मा करार झाल्यावर ठरवावे.’ एक शंका उरली. रिसीव्हरने धावायच्या ठरीव वाटेला मी देवनागरीत ‘रूट’ लिहिले, तर आमच्या मुद्रितशोधकांनी तेथे ‘मूळ’ असा बदल करून पाठवला. ‘वाट’ लिहिले तर चालेल का?