काकांचा मेलानोमा आणि ‘व्हायरसची इंजेक्शनं’ : पैसे भरावेत का?

माणदेशी
काका ६४ वर्षांचे, आटपाडीजवळ शेती करतात. दोन वर्षांपूर्वी टाचेवर काळा डाग दिसला. बाभळीचा काटा मोडून राहिला असेल म्हणून आम्ही सहा महिने नुसतं मलम लावत बसलो. पुण्यात बायोप्सी झाली तेव्हा मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) निघाला. टाचेचा भाग आणि जांघेतल्या गाठी काढल्या. आता त्याच पायाच्या नडगीवर आणि पोटरीवर मिळून सात गाठी आल्यात. डॉक्टर इम्युनोथेरपी (शरीराच्या संरक्षक पेशींना कॅन्सरवर सोडणारं औषध) म्हणतायत. तेवढ्यात एक एजंट भेटला. परदेशातला ‘कॅन्सर खाणारा व्हायरस’, सहा ॲम्प्यूल, साडेनऊ लाख. कुरिअरने घरी येतील आणि गावातल्या कंपाउंडरने दंडात टोचल्या तरी चालेल म्हणतो. भाऊ विहिरीजवळचा तुकडा विकायला निघालाय. व्हायरसने कॅन्सर बरा होतो हे खरं आहे का? कृपया लवकर सांगा.

सूक्ष्मदर्शी
उपचार खरा आहे. व्हायरस शिरला की निरोगी पेशी त्याला अडवते. कॅन्सरच्या पुष्कळ पेशींची ही अडवण्याची ताकद गेलेली असते, त्यामुळे त्यांच्यात व्हायरस वाढतो, पेशी फुटते आणि आतला माल बाहेर पडल्यावर शरीराच्या संरक्षक पेशींना शत्रूची ओळख पटते. चीनमध्ये २००५ साली डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी आणि जपानमध्ये २०२१ साली मेंदूच्या गाठीसाठी असे व्हायरस मंजूर झाले. मेलानोमासाठीचा टी-व्हेक अमेरिकेत २०१५ साली आला.

सुलभा (ह्यूस्टन)
माणदेशीदादा, आधी भावाला फोन करून जमिनीचा व्यवहार थांबवा. मग पुढचं वाचा.

मी कॅन्सर विभागात नर्स आहे. टी-व्हेकची इंजेक्शनं देताना डॉक्टरांच्या शेजारी उभी राहिले आहे. हा व्हायरस म्हणजे ओठाच्या कडेला फोड आणणारा हर्पिस (आपली नागीण वेगळी). त्याची दोन जनुकं काढून टाकलीत आणि संरक्षक पेशींना बोलावणारं एक जनुक घातलंय. कुपी उणे ७० अंशांच्याही खाली ठेवावी लागते. ती बाहेर काढून आपोआप वितळू द्यायची, हलवायची नाही. पेशंट आणि डॉक्टर दोघंही तयार असल्याशिवाय आम्ही फ्रीझरला हात लावत नाही. गरोदर नर्सला त्या खोलीत काम देत नाहीत.

आणि सुई दंडात जात नाही! ती गाठीत जाते. प्रत्येक गाठ मोजायची. पाच सेंटिमीटरहून मोठी असेल तर चार मिलिलिटरपर्यंत, अर्ध्या सेंटिमीटरची असेल तर एक दशांश मिलिलिटर. एकाच छिद्रातून सुई पंख्यासारखी फिरवत औषध पसरवायचं. पहिला डोस शंभरपट सौम्य, तीन आठवड्यांनी पूर्ण ताकदीचा, मग दर दोन आठवड्यांनी. वर घट्ट पट्टी, आणि काढलेली पट्टी पिशवीत बंद करूनच टाकायची. त्या रात्री पेशंटला फ्लूसारखी हुडहुडी भरते.

गुण किती? ४३६ पेशंटांच्या चाचणीत टिकाऊ परिणाम १६.३ टक्क्यांना दिसला, तुलनेच्या गटात २.१ टक्क्यांना. टोचलेल्या गाठींपैकी ६४ टक्के निम्म्याहून लहान झाल्या, पण आतल्या अवयवांतल्या, न टोचलेल्या गाठींपैकी १५ टक्केच. काळ्या गाठी सपाट होऊन नुसता डाग उरलेला मी पाहिलाय, तो दिवस विसरणार नाही. पण तो सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

सूक्ष्मदर्शी
दंडातलं वाचून लॅटव्हियाचा रिगवीर हा कॅन्सरवरचा व्हायरस आठवला. तोही स्नायूत टोचत. २००४ पासून तिथे मंजूर होता, परदेशी पेशंटही जात. २०१९ मध्ये तपासलं तर कुप्यांत सांगितल्यापेक्षा कमी व्हायरस निघाला, आणि वितरण थांबवलं. एका देशाच्या सरकारी नोंदीतल्या औषधाची ही गत, मग कुरिअरच्या डब्यात काय असेल ते कोण तपासणार?

माणदेशी
एजंटला तापमान विचारलं. “थर्माकोलच्या डब्यात बर्फ असतो” म्हणाला. व्हायरसचं नाव विचारलं तर “ते कंपनीचं गुपित आहे.” भावाला सगळं वाचून दाखवलं, इसार परत करतोय. पण काकू म्हणतात, मग आता करायचं काय?

सुलभा (ह्यूस्टन)
काकूंना सांगा, डॉक्टर जे म्हणतायत ते लहान औषध नाही. मेलानोमात इम्युनोथेरपीने फार मोठा फरक पडलाय. बायोप्सीचा ब्लॉक, स्लाइड आणि स्कॅनची सीडी हॉस्पिटलमधून मागून घ्या आणि परळला टाटा मेमोरियलमध्ये दुसरं मत घ्या. तिथे विचारा : बीआरएएफ आणि केआयटी जनुकांची तपासणी झाली का? आतल्या अवयवांत काही आहे का, की फक्त पायावरच? गाठीत टोचायच्या औषधाची चाचणी कुठे चालू असेल, तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीतला तिचा नंबर काय?

आज काकांच्या सातही गाठींचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, तारीख लिहा. दर आठवड्याला काढत राहा. पहिल्या भेटीत डॉक्टरांना तेच दाखवा.