दिवाळीत फराळ वृद्धाश्रमात न्यायचा, की दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना डबा द्यायचा?

रानजाई
आमचा ग्रुप 5 वर्षं भाऊबीजेला वृद्धाश्रमात फराळ घेऊन जातो. यंदा मी नको म्हटलं आणि वाद झाला, म्हणून इथे मांडते.

गेल्या पाडव्याला दुपारी मी आमच्याच इमारतीतल्या काकांकडे करंज्या द्यायला गेले. वय 82, एकटे राहतात, मुलगी बंगळुरूला. ओट्यावर तीन घरांचा चिवडा, चकल्या, लाडू झाकून ठेवलेले. आणि काका फ्रीजमधली चार दिवसांची पोळी दुधात कुस्करून खात होते. डबेवाल्या काकूंची पाच दिवस सुट्टी, पोळ्यांच्या मावशी गावी गेलेल्या. कवळीने चकली तुटत नाही, साखरेमुळे लाडू बंद. घर फराळाने भरलेलं आणि माणूस अर्धपोटी. मला रडू आवरेना.

डबा, मावशी, पेशंट सांभाळायला ब्युरोकडून येणारी बाई, रक्त न्यायला घरी येणारा मुलगा, नेहमीचे डॉक्टर, सगळे त्याच पाच दिवसांत नसतात. वृद्धाश्रमात निदान चूल पेटलेली असते. म्हणून माझं मत असं की वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत प्रत्येकाने जवळचं एक घर घ्यावं. एक वेळचं मऊ जेवण पोचवावं, गोळ्या घेतल्यात का ते बघावं.

चंद्रकोर
डब्याचं पटलं, पण आश्रमात जाऊ नका हे अजिबात पटत नाही. फराळ हे निमित्त असतं हो. आम्ही नरक चतुर्दशीला पहाटे पाचला जातो, उटणं आणि कोमट तेल घेऊन. गेल्या वर्षी एका आजींच्या पाठीला तेल लावत होते, तर त्या म्हणाल्या, "जरा जोरात चोळ गं, माझी आई चोळायची तसं." अंघोळ झाल्यावर स्वतःच पाटावर येऊन बसल्या, ओवाळून घ्यायला. त्यांना भेटायला दुसरं कोणी येत नाही. आम्ही गेलो नाही तर तो पाट रिकामा राहील.

शिवाय एकट्या म्हाताऱ्या माणसाने अनोळखी लोकांना दार उघडू नये, असं पोलीसही सांगतात. तुमच्या इमारतीत ठीक आहे, पण ज्या ग्रुपमधले लोक त्या घराला ओळखतच नाहीत त्यांनी काय करायचं?

रात्रपाळी
मी 9 वर्षं ब्युरोतर्फे पेशंट सांभाळते. बारा तासांची ड्यूटी असते. मलाही दोन मुलं आहेत, त्यांनाही लक्ष्मीपूजनाला आई हवी असते. बायका सुट्टीवर जातात म्हणून हाल होतात, असं वाचलं की वाईट वाटतं.

आणि कळकळीने सांगते, अंथरुणावरच्या पेशंटला हौसेने हात लावू नका. काखेत हात घालून ओढून उठवलं की खांदा दुखावतो. आडवं ठेवून भरवलं की ठसका लागतो, घास श्वासनलिकेत जातो. पाठीला उशा लावून ताठ बसवायचं, छोटा घास द्यायचा, तो गिळलेला बघायचा, मगच पुढचा. हे येत नसेल तर डबा द्या, गप्पा मारा. उचलण्याचं काम आमच्यावर सोडा आणि त्या दिवसांचा पगार जास्त द्या.

रानजाई
ताई, माझे शब्द चुकले. सुट्टी तुमच्या हक्काचीच आहे. त्या दिवसांतली उणीव आपण शेजाऱ्यांनी भरावी, एवढंच म्हणायचं होतं.

टोरांटोकर
माझी आई नाशिकला एकटी असते. शेजाऱ्यांच्या उपकारावर तिची दिवाळी व्हावी हे मला आवडणार नाही. पैसे देऊन माणूस ठेवला की त्याला जाब विचारता येतो. स्वयंसेवक आज येईल, उद्या त्याच्याकडे पाहुणे येतील. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइनही आहे, सकाळी 8 ते रात्री 8.

रानजाई
हेल्पलाइनचा नंबर आईंच्या फोनजवळ लिहून ठेवाच. पण रात्री नऊला चक्कर आली तर दार वाजवायला शेजारीच लागतो. त्यात उपकार कसला दादा?

पेन्शनर 79
ज्यांच्याबद्दल चर्चा चालली आहे त्यांच्यातलाच मी एक. डब्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे. दारात डबा ठेवून कोणी निघून गेलं, तर मला ते घेणं जड जाईल. मला तुमच्या पंगतीला बोलवा. चार माणसांत बसून साधा वरणभात दिलात तरी मी दोन घास जास्त जेवेन. आणि आश्रमात असो की घरी, हातात पाकीट देऊन फोटो काढू नका.

खरी मदत हवी असते ती नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्यासाठी. माझ्या बोटांचे ठसे झिजलेत, मशीन घेत नाही. गेल्या वर्षी बँकेत तीन फेऱ्या झाल्या. शेवटी शेजारच्या कॉलेजच्या मुलीने जीवन प्रमाण या सरकारी ॲपवर मोबाइलने चेहरा दाखवून दाखला काढून दिला, घरच्या खुर्चीत, दहा मिनिटांत. तुमच्या ग्रुपमधल्या मुलांनी दिवाळीनंतरचा एक रविवार यासाठी द्यावा.

चंद्रकोर
आजोबा, आमच्या आश्रमातही पेन्शनवाले आहेत. हे आम्ही नक्की करू.

रानजाई
आत्ता काकांना विचारून आले. त्यांनाही डबा नकोच आहे. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे जेवायला येतील. भात मऊ हवा म्हणाले, आणि आठच्या आत घरी सोडायचं, फटाक्यांच्या धुराने त्यांना दम लागतो. चंद्रकोर, पहाटे उटण्याला आमच्या ग्रुपमधून दोघी येतील. तेल किती आणायचं?