ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे

'ऋण प्रबलन (negative reinforcement) म्हणजे शिक्षा' असं काही जण म्हणतात, तिथे जरा गल्लत होतेय. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या मांडणीत प्रबलनाने वागणं वाढतं, शिक्षेने कमी होतं. 'ऋण' म्हणजे वाईट नव्हे, नकोशी गोष्ट दूर होणं. गाडीतली ती टुंटुं पट्टा लावला की थांबते, म्हणून आपण निमूट पट्टा लावतो.

आमच्या घरचंच बघा. भाची जेवताना मोबाइलसाठी भोकाड पसरते, ताई वैतागून देते. पोरीला रडण्याचं बक्षीस मिळालं, हे धन प्रबलन. पण रडं थांबल्यामुळे ताईचीही देऊन टाकायची सवय पक्की झाली, ते ऋण! त्यात ताई तीनदा नाही म्हणून चौथ्यांदा देते. असं अधूनमधून मिळालं की पोरगी रडणं लवकर सोडत नाही.