मदत हवी आहे: ग्लुकोज ऑक्सिडेजमधलं हिस्टिडीन प्रोटॉन सोडतं की धरून ठेवतं?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करतेय, दुसरं वर्ष. ॲस्परजिलस नायजर या बुरशीच्या ग्लुकोज ऑक्सिडेजवर (ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण करणारं एन्झाइम) प्रोजेक्ट आहे आणि एका जागी घोडं अडलंय.

पहिल्या टप्प्यात ग्लुकोजच्या सी१ (पहिल्या कार्बन) वरचा हायड्राइड, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनसह हायड्रोजन, एन्झाइममधल्या एफएडी या फ्लेविनच्या एन५ (पाचव्या जागच्या नायट्रोजन) वर जातो. एफएडीचा पिवळा रंग उडतो, ४५० नॅनोमीटरचं शोषण खाली येतं. त्याच वेळी सी१ वरच्या ओएचचा प्रोटॉन ओढून घ्यायला बेस लागतो (तो म्हणजे हिस्टिडीन ५१६, साखळीतलं ५१६ वं अमिनो आम्ल), म्हणून पीएच फार उतरला की हा टप्पा रखडतो. इथवर ठीक. दुसऱ्या टप्प्यात ऑक्सिजन इलेक्ट्रॉन नेतो, हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. तिथे मात्र त्याच हिस्टिडीनवर प्रोटॉन असावाच लागतो. रॉथ आणि क्लिनमन या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की ऑक्सिजनसाठीचा वेगस्थिरांक कमी पीएचला सुमारे १५ लाख आणि जास्त पीएचला जेमतेम ५७० (प्रति मोलार प्रति सेकंद) भरतो. केवढी तफावत!

पण जड पाण्यात (तिथे प्रोटॉनच्या जागी जड ड्युटेरियम असतो) हा वेग बदलत नाही. म्हणजे वेग ठरवणाऱ्या पायरीत प्रोटॉन हलतच नाही. मग तो हवा कशाला? आणि आधी प्रोटॉन घ्यायला मोकळं असलेलं हिस्टिडीन नंतर तो इतका घट्ट कसं धरतं? माझ्या जीओडी-पीओडी चाचणीतही (ग्लुकोज ऑक्सिडेजने बनवलेल्या पेरॉक्साइडपासून पेरॉक्सिडेज हे दुसरं एन्झाइम रंग आणतं, तो मोजायचा) पीएच ८ च्या पुढे वेग धाडकन पडतो. तो याच कारणाने, असं लिहू का?

प्रतिसाद:
ताई, प्रश्न नेमका विचारलात. तिथे उपयोग प्रोटॉनच्या धनप्रभाराचा आहे. ऑक्सिजनकडे पहिला इलेक्ट्रॉन गेला की सुपरऑक्साइड होतो, म्हणजे ऋणप्रभार. शेजारी धनप्रभार असला की ती उडी सोपी होते. अडथळा सुमारे ६ किलोकॅलरी प्रति मोलने उतरतो. दुसरं, क्षपण झालेलं फ्लेविन तिथे एफएडीएच ऋण रूपात असतं. शेजारी असा ऋणप्रभार आला की हिस्टिडीनचा पीकेए (ज्या पीएचला ते निम्मं प्रोटॉन सोडतं तो) चढणारच. ग्लुकोजकडून मिळालेला प्रोटॉन मग सुटत नाही.

चाचणीबद्दल मात्र थांबा. पेरॉक्सिडेजलाही स्वतःचा पीएच असतो, त्यामुळे ८ च्या पुढची घसरण नक्की कुणाची हे त्या रंगावरून कळणार नाही. ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर थेट मोजा. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ट्रिसचं असेल तर आपल्या मे महिन्यात जपा: दर अंशाला त्याचा पीएच साधारण ०.०३ ने उतरतो. २५ अंशांना लावलेला बफर ३८ ला जवळपास ०.४ ने खाली असतो. उन्हाळ्यात पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो, तेही धरा. आणि ग्लुकोजचं द्रावण आदल्या रात्रीच करून ठेवा, म्हणजे ग्लुकोजच्या अल्फा आणि बीटा रूपांचा समतोल होईल; एन्झाइमला बीटा रूपच चालतं.

धागाकर्ती:
खूप आभार दादा! प्रभाराचं आता पक्कं बसलं. बफर ट्रिसच आहे. पीएच ८ ते ९ साठी त्याऐवजी पायरोफॉस्फेट चालेल का?